अवर वर्ल्ड इन डेटा : फुकट आहे, भारी आहे, फक्त ग्राफच्या वरची बारीक ओळ वाचा

गरिबी कमी झाली की नुसते आकडे फिरवले, विषमता वाढतेय की ही उगाचची बोंब आहे, आजकालची पोरं काम करत नाहीत का, बायका कामाला लागल्यात की उलट घरी बसल्यात, आपली इकॉनॉमी किती नंबरवर... असले वाद कुठल्याही ग्रुपवर कधीही पेटतात आणि पेटले की पाचव्या-सहाव्या मेसेजला कुणीतरी एक ग्राफ आणून आपटतो. तो ग्राफ नीट बघा. वरच्या उजव्या कोपऱ्यात गडद निळा चौकोन आणि त्याच्या खाली लाल पट्टी असेल तर तो अवर वर्ल्ड इन डेटाचा. डावे पण हाच वापरतात, उजवे पण हाच. दोघंही त्याच साइटवरून एकमेकांची तोंडं बंद करायला बघतात, म्हणून म्हटलं याचा एकदा रीतसर रिव्ह्यू लिहावा. साइटवर हवामान, आरोग्य, शेती असं बरंच काही आहे पण ते सोडून देतोय, मी फक्त पैसा, विषमता आणि काम याबद्दल बोलणार.

आधी बेसिक माहिती. ऑक्सफर्डमधल्या मॅक्स रोझर या अर्थतज्ज्ञाने ही साइट २०१४ मध्ये लोकांसाठी खुली केली, आता ती एक ना-नफा संस्था चालवते, देणग्यांवर. जाहिराती नाहीत, लॉगिन नाही, "हा लेख वाचायला सबस्क्राइब करा" नाही. ग्राफ, डेटा सगळं फुकट, श्रेय द्या आणि कुठेही वापरा. कोविडच्या वेळी २०२० मध्ये जगभरच्या पेपरांनी यांचेच आकडे उचलले तेव्हा बहुतेकांना हे नाव कळलं. पण एक गोष्ट लक्षात ठेवा, यातला बहुतेक डेटा यांनी स्वतः गोळा केलेला नाही. वर्ल्ड बँक, आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना), युनो, वेगवेगळ्या युनिव्हर्सिट्या यांचा माल आणून, साफ करून, एकसारख्या साच्यात मांडून देतात. म्हणजे मूळ मोजणीत जे गोंधळ आहेत ते इथे पण तसेच येतात, फक्त दिसायला देखणे होऊन येतात.

वापरायला मात्र खरंच सोपं आहे. विषय शोधला की ग्राफ उघडतो, वर टेबल, नकाशा, रेषा असे टॅब, खाली वर्षांची पट्टी, ती दोन्ही टोकांनी ओढता येते. देश हवे तेवढे घाला-काढा. चित्र डाउनलोड करा नाहीतर सरळ सीएसव्ही (आकड्यांची साधी फाइल) घ्या आणि एक्सेलमध्ये काय करायचं ते करा. वर्ल्ड बँकेच्या स्वतःच्या साइटवर हेच करायला गेलं की इंडिकेटरच्या जंगलात माणूस हरवतो, इथे तसं होत नाही. यासाठी पूर्ण मार्क.

बऱ्याच ग्राफवर लॉग स्केलचं बटण असतं, ते एकदा दाबून बघाच. साध्या स्केलवर श्रीमंत देशांच्या रेषा आभाळात आणि गरीब देश सगळे तळाला चिकटलेले, वाटतं यांचं काही झालंच नाही. लॉग केलं की १,००० वरून २,००० आणि २०,००० वरून ४०,००० या दोन्ही उड्या सारख्याच दिसतात, मग वाटतं वा, सगळेच धावतायत. दोन्ही ग्राफ खरे आहेत. ज्याला दरी दाखवायची तो साधा पाठवतो, ज्याला प्रगती दाखवायची तो लॉग पाठवतो, आणि समोरच्याला माहीतच नसतं की असं काही बटण असतं.

आता यांच्यावरचा सगळ्यात गाजलेला वाद, जो मला या रिव्ह्यूत सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जानेवारी २०१९, दावोसची वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमची बैठक चालू, बिल गेट्सनी रोझर यांचं एक इन्फोग्राफिक ट्विट केलं. जग म्हणजे १०० माणसं असं धरून सहा छोटे ग्राफ, त्यातला पहिला गरिबीचा, १८२० मध्ये शंभरातले ९४ अतिगरीब, २०१५ मध्ये १०. झालं, लोक खूश. काही दिवसांतच जेसन हिकेल या मानववंशशास्त्रज्ञाने गार्डियनमध्ये यावर जोरदार टीका केली. त्याचे मुद्दे साधारण असे: वर्ल्ड बँकेचे सर्वेक्षणावर आधारलेले गरिबीचे आकडे १९८१ पासूनचे, त्याच्या आधीचं सगळं जीडीपीच्या (देशाच्या एकूण उत्पादनाच्या) अंदाजांवरून काढलेलं, आणि त्यात जंगल, गायरान, सामायिक जमीन यावर जगणाऱ्यांचं जे चालत होतं ते नीट धरलेलंच नाही. वसाहतींच्या काळात त्यांच्या जमिनी गेल्या, मजुरी करायला लागली, आणि हातात पैसा आला म्हणून ग्राफवर ते "वर" गेले. दुसरं, गरिबीची रोजची १.९० डॉलरची रेषा इतकी खाली आहे की ती ओलांडूनही माणूस उपाशी असू शकतो, ७.४० डॉलरची रेषा धरली तर गरिबांची संख्या १९८१ पासून वाढून ४२० कोटींवर गेलीय. तिसरं, जी गरिबी घटली त्यातली बरीचशी चीनची, आणि चीनने काही पाश्चात्त्य सल्ल्याचं पुस्तक उघडून ते केलं नव्हतं.

रोझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर दिलं की जुने अंदाज बांधताना लोकांनी स्वतः पिकवलेलं, बिगर-पैशाचं उत्पन्न पण धरलेलं असतं, आणि रेषा कुठलीही घ्या, तिच्याखालच्या लोकांचं प्रमाण कमीच झालेलं दिसतं. आणि हे पण खरंच आहे. ७.४० ला गरिबांची संख्या वाढली आणि टक्केवारी घटली, कारण मधल्या काळात लोकसंख्या केवढी वाढली. मग संख्या बघायची की टक्का? हे कुठलीही साइट ठरवून देणार नाही, ते तुमचं तुम्हीच ठरवायचं, आणि खरा राजकीय वाद तिथेच असतो. माझं मत विचाराल तर १९८१ नंतरच्या भागात रोझर यांची बाजू भक्कम आहे, पण १८२० पासूनची ती सलग रेष बघून "भांडवलशाहीने जगाला गरिबीतून काढलं" असं जे लोक ठोकून देतात त्यांनी त्या रेषेचा पहिला दीडशे वर्षांचा भाग कशातून आला ते आधी वाचावं. साइटवर ते लिहिलेलं आहे, लपवलेलं नाही. ट्विटमध्ये ते मावत नाही एवढंच.

बरं ती डॉलरमधली गरिबीची रेषा पण एका जागी राहत नाही. १९९० च्या सुमारास दिवसाला एक डॉलर, मग १.२५, मग १.९०, २०२२ मध्ये २.१५, आणि जून २०२५ मध्ये वर्ल्ड बँकेने ती ३ डॉलर केली. (हे साधे डॉलर नाहीत, प्रत्येक देशातली महागाई-स्वस्ताई बघून जुळवलेले "आंतरराष्ट्रीय डॉलर", हे न कळल्यामुळे अर्धी भांडणं होतात.) रेषा बदलली त्याबरोबर २०२२ सालच्या अतिगरिबांचा जागतिक आकडा ७१.३ कोटींवरून ८३.८ कोटी झाला. म्हणजे साडेबारा कोटी माणसं कागदावर गरीब झाली, त्यांच्या घरात त्या दिवशी काहीच बदललं नाही. आता कुणी २०२४ मध्ये काढलेला स्क्रीनशॉट आणि आजचा ग्राफ शेजारी ठेवून "बघा गरिबी वाढली" म्हणाला तर काय बोलणार! म्हणून कुठलाही ग्राफ घेताना तो किती सालच्या किमतींवर आहे, २०१७ की २०२१, हे बघायचं. ते ग्राफवरच लिहिलेलं असतं.

विषमतेचा विभाग मला सगळ्यात जास्त आवडतो आणि सगळ्यात जास्त डोकं पण तिथेच फिरतं. जिनी गुणांक म्हणजे शून्य ते एक, शून्य म्हणजे सगळ्यांना सारखं, एक म्हणजे एकट्यालाच सगळं. हा १९१२ मध्ये काढला इटलीच्या कोरादो जिनीने, आणि शंभर वर्षांनंतरही सगळे याच एका आकड्यावर भांडतायत. दक्षिण आफ्रिका ०.६३ च्या आसपास, स्लोव्हाकिया ०.२४ च्या आसपास, इथपर्यंत कुणाचा काही वाद नाही. पण ग्राफच्या शीर्षकाखाली करड्या रंगात एक ओळ असते, तिचा अर्थ असा की देश आणि वर्ष यानुसार हा आकडा कधी कर आणि सरकारी मदत धरून उरलेल्या उत्पन्नाचा असतो, कधी खर्चाचा. ही ओळ वाचल्याशिवाय जिनीवर तोंड उघडू नये असा कायदाच करायला पाहिजे. युरोप-अमेरिकेत सर्वेक्षणवाले घराचं उत्पन्न विचारतात, भारत आणि आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत खर्च विचारतात. आता श्रीमंत माणूस कमावतो त्यातलं बरंचसं खर्चच करत नाही, साठवतो, गुंतवतो, गरिबाचं आलं तेवढं गेलं. त्यामुळे खर्चाची विषमता उत्पन्नाच्या विषमतेपेक्षा जवळपास नेहमी कमी दिसते. एका देशाचा खर्चाचा जिनी आणि दुसऱ्याचा उत्पन्नाचा जिनी घेऊन रँकिंग लावायचं आणि मग छाती फुगवायची, हा उद्योग जगभर चालू असतो.

त्यात परत करांच्या आधीचं बघायचं की नंतरचं? आयर्लंडचं उदाहरण मस्त आहे. नुसत्या बाजारातल्या कमाईवर बघितलं तर श्रीमंत देशांमध्ये तिथली विषमता अगदी वरच्या रांगेत, कर आणि भत्ते धरले की एकदम मधल्या रांगेत येते. मेक्सिको, चिलीमध्ये आधीचं आणि नंतरचं यात फारसा फरकच पडत नाही. "सरकारने काही करून उपयोग होत नाही, विषमता ही नैसर्गिकच" म्हणणाऱ्याला ही दोन टोकं शेजारी ठेवून दाखवावीत, बराच वेळ शांतता मिळते. साइटवर विषमतेचं डेटा एक्सप्लोरर आहे, त्यात जिनी, वरच्या १ टक्क्याचा वाटा, वरच्या १० चा वाटा, कराच्या आधी, नंतर, सोर्स कुठला, असं सगळं निवडता येतं. हे एक पान जरी शिकून घेतलं तरी खूप झालं.

सोर्स बदलून बघा हे मुद्दाम सांगतोय. घरोघर जाऊन विचारणाऱ्या सर्वेक्षणात अतिश्रीमंत सापडत नाहीत, सापडले तर दार उघडत नाहीत, उघडलं तर खरं सांगत नाहीत. म्हणून पिकेटी, सायेझ, झुकमन या अर्थतज्ज्ञ मंडळींनी कराच्या कागदपत्रांवरून वर्ल्ड इनइक्वालिटी डेटाबेस उभा केला. त्यांचा २०२२ चा अहवाल म्हणतो जगातल्या उत्पन्नातलं ५२ टक्के वरच्या १० टक्क्यांना आणि खालच्या अर्ध्या जगाला ८.५ टक्के, संपत्तीत तर खालच्या अर्ध्याकडे फक्त २ आणि वरच्या १० टक्क्यांकडे ७६. वर्ल्ड बँकेचे सर्वेक्षणावरचे आकडे बघितले तर चित्र बरंच सौम्य. कोण खोटं बोलतंय? कुणीच नाही, एकाला टोकावरचे दिसतात आणि दुसऱ्याला तळातले जास्त नीट दिसतात. कराचे कागद फक्त कर भरणाऱ्यांचे, जिथे बहुतेक लोक कर भरतच नाहीत तिथे उरलेला भाग यांना पण अंदाजानेच भरावा लागतो. अवर वर्ल्ड इन डेटावर हे दोन्ही सोर्स एकाच ठिकाणी आहेत ही मोठी सोय.

कामाच्या तासांचा ग्राफ तर मी कुणालाही पाठवतो. जर्मनीत १८७० मध्ये एक कामगार वर्षाला तीन हजारांपेक्षा जास्त तास राबत होता, आता चौदाशेच्याही आत. कंबोडिया, म्यानमारसारख्या देशांत तोच आकडा २,४०० च्या आसपास. आठवड्याला ७० तास घासा मग देश पुढे जातो म्हणणाऱ्यांनी हा ग्राफ दरडोई उत्पन्नाच्या ग्राफशेजारी ठेवून बघावा. तासांवर देश श्रीमंत होत असते तर यादी उलटी दिसली असती. उलटं पण म्हणता येतं म्हणा, की ते देश आधी श्रीमंत झाले आणि मग तास कमी केले, आणि हे ग्राफ बघून त्यातलं कुठलं आधी हे कळत नाही. त्याच्यात युनियन, संप, आठ तासांसाठी झालेल्या लढाया, हे काहीच दिसत नाही. रेष आपली हळूहळू गुळगुळीत खाली येते, जणू काही आपोआपच आली. हा माझा या साइटच्या एकंदर तब्येतीबद्दलचाच आक्षेप आहे. काय झालं ते झकास सांगतात, कुणी भांडून करून घेतलं ते ग्राफमध्ये बसत नाही.

बायकांच्या कामाचं तर विचारूच नका. आयएलओच्या व्याख्येनुसार आठवड्यात एक तास जरी पैशासाठी किंवा नफ्यासाठी काम केलं तरी तुम्ही रोजगारात. एक तास! म्हणून बेरोजगारीचा दर कमी आहे म्हणून कुणी उड्या मारल्या की आधी हे आठवायचं, गरीब देशात बेकार राहणं परवडतच नाही. आणि दुसरीकडे २०१३ मध्ये जगभरच्या कामगार-आकडेवाल्यांनी परिषदेत ठरवलं की फक्त मोबदल्यासाठी केलेलं काम तेवढं "रोजगार", घरच्या खाण्यापुरतं पिकवणं हे काम आहे पण रोजगार नाही. म्हणजे तीच बाई, तेच शेत, जुन्या व्याख्येत कामावर आणि नव्या व्याख्येत बाहेर. देशांनी नवी व्याख्या वेगवेगळ्या वर्षी लावली, त्यामुळे ग्राफमध्ये मध्येच एखादी घसरण दिसली तर लगेच समाजशास्त्र झाडू नका. बिनपगारी घरकाम, लेकरं-म्हातारी सांभाळणं, यातले तासही साइटवर मिळतात. आयएलओच्या २०१८ च्या अहवालात या कामाच्या एकूण तासांपैकी ७६.२ टक्के बायका करतात असं आहे, आणि जीडीपीत त्यातलं काहीच धरत नाहीत.

जीडीपीवर थोडक्यात. सायमन कुझनेट्स या अर्थतज्ज्ञाने १९३४ मध्ये अमेरिकन संसदेला राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब दिला तेव्हाच बजावलं होतं की यावरून लोकांचं भलं चाललंय का ते कळत नाही. ऐकलं कुणी? या साइटची चांगली गोष्ट म्हणजे "कितव्या नंबरची इकॉनॉमी" या शर्यतीला इथे फार भाव नाही, सुरुवातीलाच दरडोई आणि किमती जुळवलेला आकडा समोर येतो. पण दरडोईला पण फसू नका, परत आयर्लंडच घ्या, २०१५ मध्ये तिथला जीडीपी एका वर्षात २५ टक्क्यांच्या आसपास वाढला. लोकांचे पगार काही तसे वाढले नव्हते, मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली पेटंट वगैरे मालमत्ता कागदोपत्री तिकडे हलवली होती. शेवटी आयर्लंडला स्वतःसाठी वेगळं मोजमाप तयार करावं लागलं.

तक्रारी. साइट इंग्रजीत, आणि ते इंग्रजी सोपं असलं तरी ज्याला या आकड्यांची खरी गरज आहे त्यातले कितीतरी जण बाहेरच राहतात. दुसरं, जवळपास सगळं देशपातळीवरचं. देशाच्या आत कोण कुठे उभं आहे, गाव-शहर, जात, वंश, प्रांत, यातलं फार थोडं मिळतं आणि राजकारण तर सगळं त्याच्यावरच चालतं. तिसरं, बऱ्याच गरीब देशांत सर्वेक्षण पाच-सात वर्षांतून एकदा होतं आणि ग्राफवर दोन ठिपक्यांमध्ये सरळ रेष ओढलेली असते, मधल्या वर्षांत काय झालं देव जाणे. टेबलचा टॅब उघडला की खरी मोजलेली वर्षं कुठली ते कळतं, पण तो टॅब कोण उघडतंय. मोबाइलवर आठ-दहा देश घातले की नावं एकमेकांवर चढतात ते वेगळंच, लॅपटॉपवरच बघा.

पर्याय म्हणाल तर गॅपमाइंडर आहे, हान्स रोसलिंग आणि कुटुंबाने २००५ मध्ये सुरू केलेलं, फुग्यांचा हलता ग्राफ त्यांचाच. शाळेतल्या मुलांना दाखवायला तेच बरं. त्यांचं डॉलर स्ट्रीट तर जरूर बघा, जगभरच्या घरांचे फोटो उत्पन्नानुसार लावलेत, चूल, पलंग, टूथब्रश, आणि लक्षात येतं की एकाच उत्पन्नातली वेगवेगळ्या खंडांतली घरं किती सारखी दिसतात. अतिश्रीमंतांचा विषय असेल तर सरळ वर्ल्ड इनइक्वालिटी डेटाबेस. कामगारांच्या बाबतीत खोलात जायचं असेल तर आयएलओचं आयएलओस्टॅट, पण तिथे संयम पाहिजे.

माझ्याकडून ५ पैकी ४. अभ्यास करणाऱ्या, लिहिणाऱ्या, शिकवणाऱ्या माणसाला डोळे झाकून सुचवीन. वादात जिंकायचंच म्हणून जाणार असाल तर तुम्हाला हवा तो ग्राफ इथे नक्की मिळेल, आणि समोरच्याला पण त्याचा मिळेल. आणि हो, पाठवताना स्क्रीनशॉट नका पाठवू, लिंक पाठवा. तुम्ही निवडलेले देश, वर्षं, स्केल सगळं लिंकमध्ये तसंच राहतं, समोरच्याला बटणं फिरवून बघता येतात आणि ती करड्या रंगातली ओळ पण त्याच्या डोळ्यासमोर जाते.